सोन्याचा शेक: मोजणार कोण?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत मला बोलायला उभं केलं. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस मानधन मागत नाही, शाल-नारळावर भागतं, हे त्यामागचं खरं कारण. विषय होता धातूचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, आणि कॅन्सर. मी खिशातून एक कुपी काढून टेबलावर ठेवली, आत माणकाच्या रंगाचं पाणी. म्हटलं, हे सोनं आहे. असेच कण गाठीत नेऊन बसवले तर स्कॅनमध्ये गाठ उठून दिसते आणि वरून प्रकाश टाकला की तेच कण तापून गाठीला आतून भाजतात, निदान तसा प्रयत्न जगभर चालू आहे. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मला काही कामच उरलं नाही. पहिल्या रांगेतले वैद्यबुवा म्हणाले, "सर, यात नवं काय? सुवर्णभस्म आपल्याकडे शेकडो वर्षं आहे." मागून एक तरुण डॉक्टर उठली. "तुकडा तपासायला पाठवला तर रिपोर्टला पंधरा दिवस लागतात इथे. आणि आपण सोन्याच्या गप्पा मारतोय!" पुढची वीस मिनिटं हॉल दोन तटांत भांडला, मी माईक धरून उभा. तेव्हापासून पाहतोय, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर काय आणि चहाच्या टपरीवर काय, हा विषय निघाला की गाडी याच दोन रुळांवरून धावते. एक अभिमानाचा, दुसरा संतापाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही तट सोन्याकडे बघतायत, आणि वाद उष्णतेचा आहे. उष्णतेने कॅन्सरची पेशी मरते यात आता शंका राहिलेली नाही. इतकी वर्षं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी: शरीराच्या आत नेमकी कुठे, किती अंश आणि किती मिनिटं उष्णता पोचली, हे कोणाला सांगता येत नव्हतं. स्वतः दिसणारा आणि स्वतःच तापणारा कण हा त्या अडचणीवरचा इलाज आहे. म्हणून यावर सरकारी पैसा खर्च व्हावा असं मला वाटतं. पण तो मोजण्यावर व्हावा. आज तो बहुतेक कणांचे नवनवे आकार घडवण्यावर होतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार वैद्यबुवांच्या किंवा त्या डॉक्टरीणबाईंच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे.

आपल्याकडे रेडिएशनला लोक अजून 'शेक देणं' म्हणतात. त्या शेकात ऊब नसते, रुग्णाला काही जाणवतही नाही. खराखुरा शेक देऊन गाठ मारण्याची कल्पना मात्र एक्स-रेपेक्षा जुनी आहे. १८६६ साली जर्मनीतल्या बॉन इथल्या विल्हेल्म बुश या सर्जनने नोंदवलं, की चेहऱ्यावर सार्कोमा या प्रकारची कॅन्सरची गाठ असलेल्या रुग्णाला धावरं, म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग, झालं, सडकून ताप भरला आणि गाठ ओसरली. त्यात तापाचा वाटा किती आणि प्रतिकारशक्तीचा किती, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पुढे प्रयोगशाळेत दिसलं की ४२-४३ अंशांच्या वर पेशी मरू लागतात, आणि गाठीतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांत रक्त नीट खेळत नसल्याने तिथली उष्णता लवकर निघूनही जात नाही. मग १९८० च्या दशकात अमेरिकेत रेडिएशनसोबत बाहेरून उष्णता देण्याची मोठी चाचणी झाली, तीनशेच्या आसपास रुग्णांवर. एकूण निकाल काय? फरक नाही. लहान गाठींत थोडा फायदा दिसला, मोठ्या गाठी मुळात नीट तापल्याच नव्हत्या. गाठीत एकदोन ठिकाणी सुई टोचून घेतलेल्या तापमानावर सगळ्या गाठीचा हिशेब चालला होता. दुधाच्या पातेल्यात एका कडेला बोट बुडवून दूध तापलं की नाही ते ठरवावं, तसं. त्या निकालाने तिथला उत्साह असा विझला की पुढे कितीतरी वर्षं उष्णतेचं नाव काढलं की डॉक्टर हसायचे.

याच सुमारास, १९८४ मध्ये, सापरेटो आणि ड्यूई या दोघांनी एक साधा हिशेब मांडला. ४३ अंश हे माप धरायचं आणि त्याला किती मिनिटं झाली ते मोजायचं. ४३ च्या वर एक अंश चढला की वेळ निम्मा पुरतो. म्हणजे ४३ ला तासभर, ४४ ला अर्धा तास, ४५ ला पंधरा मिनिटं, परिणाम तोच. उष्णतेला डोस मिळाला. आणि नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ओटीपोटाच्या कॅन्सरच्या ३५८ रुग्णांवर नीट तापवून केलेली चाचणी २००० साली छापली, तेव्हा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये नुसत्या रेडिएशनने तीन वर्षांनी २७ टक्के बायका हयात होत्या, सोबत उष्णता दिलेल्यांपैकी ५१ टक्के. आधीची चाचणी आणि ही, दोन्हींत तीच उष्णता. मध्ये बदललं ते तापवण्याचं तंत्र आणि माप.

इथे कोणीही विचारेल की या डच चाचणीत एकही नॅनोकण नव्हता, मग कण हवेत कशाला? प्रश्न रास्त आहे. बाहेरून लहरी सोडून तापवलं की वाटेतली चरबी, स्नायू, सगळंच तापतं. रुग्णाला पाठीत चटके बसतात, मग तापमान उतरवावं लागतं आणि गाठ अर्धीकच्ची राहते. चूल घराबाहेर पेटवून आतलं पातेलं तापवायचा हा प्रकार. कण म्हणजे चूल पातेल्याखालीच मांडणं. पण मग चूल नक्की पातेल्याखालीच आहे, शेजारच्या गवताच्या गंजीखाली नाही, हे आधी बघायला नको का? सोनं एक्स-रे अडवण्यात नेहमीच्या आयोडीनलाही मागे टाकतं, म्हणून ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं. लोखंडाच्या ऑक्साइडचे कण एमआरआयमध्ये काळे उमटतात आणि उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात तापतात. दिसणं आणि तापणं एकाच कणात आलं की पेटवण्याआधी चूल बघता येते. एका दगडात दोन पक्षी अशी जाहिरात केली जाते ती मला आवडत नाही. दुसरा पक्षी फुकट मिळालेला नाही, त्याच्याशिवाय पहिल्यावर दगड मारूच नये, असा हा मामला आहे.

मापाआधी उपचार बाजारात आला की काय होतं, ते रेडियमने दाखवलंय. एक्स-रे सापडले १८९५ मध्ये, रेडियम १८९८ मध्ये. किरणांच्या डोसचं 'राँटजेन' हे एकक सगळ्या देशांनी मान्य केलं ते स्टॉकहोमच्या परिषदेत, १९२८ साली. मधली तीस वर्षं काय चाललं होतं? डॉक्टर स्वतःच्या हाताच्या कातडीवर किती लाली येते त्यावर डोस ठरवत आणि पुढे तीच बोटं कापून घेत. अमेरिकेत 'रेडिथोर' नावाचं रेडियम घातलेलं पाणी शक्तिवर्धक म्हणून बाटलीने विकलं जायचं. ईबेन बायर्स नावाचा गर्भश्रीमंत कारखानदार आणि गोल्फ खेळाडू या बाटल्यांमागून बाटल्या प्यायला, त्याच्या जबड्याचं हाड झिजून पडलं आणि १९३२ मध्ये तो गेला. पण म्हणून रेडिएशन फेकून दिलं का? मोजायला शिकल्यावर त्याच किरणांनी लाखो माणसं वाचली, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला तर आतून किरण देणं हा आजही मुख्य उपचार आहे. सोन्याच्या कणांबद्दल 'चमत्कार' म्हणणारे आणि 'थोतांड' म्हणणारे, दोघांनाही मला विचारायचंय: १९१० साली तुम्ही रेडियमबद्दल काय म्हणाला असतात?

आता वैद्यबुवांकडे येतो, आणि त्यांना द्यायचं ते श्रेय आधी देतो. आधुनिक उपकरणांखाली तपासलेल्या काही सुवर्णभस्मांत पन्नास-साठ नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) स्फटिक खरंच सापडलेत. रसशास्त्रात, आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या शाखेत, भस्म झालं की नाही हे ठरवायच्या परीक्षा आहेत. बोटांवर चोळलं तर रेषांत भरून राहिलं पाहिजे, ते रेखापूर्ण. पाण्यावर टाकलं तर तरंगलं पाहिजे, ते वारितर. धातूची चमक उरता कामा नये, ते निश्चंद्र. पुन्हा तापवून मूळ धातू परत मिळता कामा नये, ते अपुनर्भव. मायक्रोस्कोप नव्हता तेव्हा अंगठ्याच्या रेषांना चाळणी बनवणाऱ्या माणसांना मी हात जोडतो. अभिमान बाळगायचाच तर त्या परीक्षांचा बाळगावा, कारण औषध देण्याआधी ते तपासायचं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. पण कण लहान आहे एवढ्यावरून तो कॅन्सर जाळतो असं कसं ठरतं? धुराचे कणही लहानच असतात. लेसरखाली तापणारा कण हा एक ठरावीक आकाराचा, ठरावीक लेप दिलेला असतो आणि प्रकाश पडेपर्यंत तो काही करत नाही. पोटातून दिलेल्या भस्मावर कोणी प्रकाश टाकत नाही. पुष्य नक्षत्राला पोरांना रांगेत बसवून सुवर्णप्राशन देणाऱ्यांनी आपल्या बोर्डावर 'नॅनोगोल्ड' लिहायला सुरुवात केलीय, ते मी पाहिलंय. त्या रांगेतल्या एकाही आईला मात्रा किती, हे विचारताना मी पाहिलेलं नाही.

कुपीतलं पाणी लाल का, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, मास्तरकीची खोड. सोन्याच्या क्लोराइडचं फिकट पिवळं द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. काचेची भांडी आधी अम्लराजाने, म्हणजे तीव्र आम्लांच्या मिश्रणाने, धुवावी लागतात, एक डाग राहिला की सगळं फसतं. पिवळा रंग जातो, द्रावण पाण्यासारखं होतं, मग राखाडी-काळपट, मग जांभळं, आणि दहाएक मिनिटांत माणकासारखं लाल. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये असं लाल सोनं बनवलं आणि त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्यात. कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हिंदकळतात, हिरवा प्रकाश गिळतात, आणि गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते. हाच कण लांबवून काडीसारखा केला की तो लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश गिळू लागतो, आणि नेमका तोच प्रकाश मांसातून बऱ्यापैकी आरपार जातो. रात्री टॉर्चच्या तोंडावर बोटं ठेवून बघा, बोटं लालच पेटतात, हिरवी-निळी नाहीत. वर्गात मी शेवटी एक गंमत करायचो. लाल द्रावणात चिमूटभर मीठ. क्षणात रंग निळा पडतो, कारण कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. पोरं टाळ्या वाजवायची. मग मी विचारायचो, रक्त खारट असतं की गोड? म्हणजे उघडा कण शिरेत सोडला की तो गाठीपर्यंत जाण्याआधीच त्याचा गोळा. म्हणून त्याला पॉलिमरचा अंगरखा घालावा लागतो, आणि तो अंगरखा घातला की मग तो शरीरात कुठे कुठे फिरतो, किती दिवस राहतो, हे सगळं नव्याने शोधावं लागतं.

डॉक्टरीणबाईंचा मुद्दा वैद्यबुवांच्या मुद्द्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे आणि त्याला पुरावा आमच्याच भागातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांबरोबर १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी घेतली. निकाल २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच, एक कापसाचा बोळा! रुपयामागे जीव मोजायचे तर जगातला कुठलाही लेसर, कुठलाही कण या बोळ्याच्या पासंगाला पुरणार नाही. हे मी वादासाठी मान्य करत नाही, मनापासून मान्य करतो. उद्या कोणी सांगितलं की तपासणीचे पैसे काढून नॅनोकणांना देतोय, तर मी त्या डॉक्टरीणबाईंच्या शेजारी जाऊन घोषणा देईन.

पण तसं कोणी सांगत नाहीये. संशोधनाची थैली वेगळी आहे. २००७ साली केंद्राने नॅनो मिशन पाच वर्षांसाठी हजार कोटी रुपये देऊन सुरू केलं, ते पैसे गावातल्या तपासणीतून काढलेले नव्हते आणि मिशन बंद केल्याने ते तिथे गेलेही नसते. दुसरं, बार्शीची चाचणी हेसुद्धा संशोधनच होतं, वर्षानुवर्षं चाललेलं आणि खर्चिक. 'आधी आहे ते नीट करा, मग नवं शोधा' हा नियम तिला लावला असता, तर आज आपल्या हातात तो बोळाही नसता. तिसरं कारण माझ्या लेखी सगळ्यांत मोठं आहे. भारतात पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा. विदर्भात खर्रा, इकडे मावा, आणि बायका मिश्री लावून बसलेल्या. तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघा, गावोगावी विशी-पंचविशीतली पोरं सापडतील ज्यांची दोनही जात नाहीत. लाल पलीकडचा प्रकाश मांसात जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जातो, हा या उपचाराचा मोठा दोष सांगितला जातो आणि यकृत-फुप्फुसाच्या बाबतीत तो आहेच. गाल किती जाड असतो? अमेरिकेत मुस्तफा अल-सय्यद या रसायनशास्त्रज्ञाने आणि डोक्या-मानेचा सर्जन असलेल्या त्याच्या मुलाने, इव्हानने, २००६ मध्ये सोन्याच्या काड्यांवर प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) चिकटवून दाखवलं की त्या कॅन्सरच्या पेशींना चिकटून मायक्रोस्कोपखाली केशरी उजळतात आणि निरोगी पेशीपेक्षा सुमारे निम्म्या लेसरशक्तीत त्या पेशी मरतात. त्या पेशी तोंडाच्या कॅन्सरच्या होत्या! पुढे तिकडच्या कंपन्या मात्र प्रोस्टेटकडे वळल्या, कारण तिथे तो रोग आहे आणि पैसे देणारा विमा आहे. आमच्या खर्ऱ्याच्या तोंडासाठी ह्यूस्टनमधली कंपनी चाचणी घेईल, ही आशा आपण कशाच्या जोरावर धरायची?

'सोनं म्हणजे महाग' या समजाबद्दल दोन ओळी, कारण तो दोन्ही तटांत आहे. त्या कुपीत वीस मिलिलिटर द्रावण होतं आणि त्यात सोनं साधारण चार मिलिग्रॅम. सोनाराच्या भाषेत गुंजेचा तिसावा हिस्सा. नथीच्या तारेला सोनार कानस लावतो तेव्हा याहून जास्त सोनं त्याच्या पाटावर सांडतं. खर्च निर्जंतुक, एकसारखे कण बनवण्याचा आहे, लेसरचा आहे, आणि सर्वांत जास्त चाचणीचा आहे. असला खर्च आपल्या संस्थांना झेपत नाही हे म्हणणंही आता जुनं झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे रेडिएशन देणारं कोबाल्टचं यंत्र २००५ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, बसलं आणि नंतर इतर देशांतही गेलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेतल्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात. तोही गरिबाला परवडत नाही, हे खरंच आहे. पवईची प्रयोगशाळा आणि परळची खाट यांच्यातलं अंतर कापता येतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता मी ज्यांच्या बाजूने बोलतोय त्यांच्या घरातली धुणी. टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांचे ११७ शोधनिबंध तपासले आणि हिशेब काढला की शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात ते मध्यकाने ०.७ टक्के, म्हणजे निम्म्या वेळा याहूनही कमी. शंभर बाराती निघाले, मांडवात एकसुद्धा धड पोचला नाही. उरलेले यकृतात आणि प्लीहेत मुक्काम ठोकतात. विरोधकांचा हा हुकमी एक्का आहे आणि औषध वाहून नेणाऱ्या कणांच्या बाबतीत तो बिनतोड लागू पडतो, कारण चुकीच्या जागी पोचलेलं औषध तिथेही काम करतं. तापणाऱ्या कणांचं तसं नाही. बँकेतला लॉकर आठवा: एक किल्ली आपली, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. कण यकृतात असला तरी लेसर गालावर आहे, यकृत थंडच राहतं. शिवाय गालातल्या गाठीत कण सरळ सुईनेच टोचता येतात, शिरेची यात्रा हवी कशाला? तरीही ०.७ हा आकडा मी डोळ्यांआड करणार नाही. तो आकडा माहीत असूनसुद्धा या क्षेत्रातले बहुतेक निबंध अजून त्याच त्या प्रयोगावर चाललेत: उंदराच्या कुशीत कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ वाढवायची, कण टोचायचे, वरून लेसर मारायचा, गाठ जळाली की फोटो छापायचा. अख्खा उंदीर आपल्या अंगठ्याएवढा जाड. त्यात कणाचा आकार दर वेळी नवा, कधी चांदणी, कधी पिंजरा, कधी फूल. दिवाळीच्या फराळात शंकरपाळ्यांना आकार दिल्यासारखं चाललंय. प्रकाश, चुंबक, औषध, तीन-तीन कामं एका कणात कोंबायची की निबंधाला वजन येतं आणि माणसाच्या शिरेत तो कण जाण्याची शक्यता तेवढीच घटते, कारण जेवढे थर तेवढी प्रत्येक थराची तपासणी.

माणसांवर काय झालं ते बघू. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या, गोळीवर सोन्याचा मुलामा देऊन कण बनवले. २००३ च्या त्यांच्या उंदरांवरच्या प्रयोगात गाठ किती तापतेय हे एमआरआयमध्ये बघत बघत लेसर चालवला होता, आणि मला त्या कामात सोन्याहून तेच मोलाचं वाटतं. २०१९ मध्ये याच कणांची प्रोस्टेट कॅन्सरवरची पहिली चाचणी छापून आली. १६ पुरुष, त्यांतल्या १५ जणांवर उपचार पुरा झाला आणि गंभीर इजा झाल्या नाहीत. लेसरची तार कुठे न्यायची ते एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं एकावर एक बसवून ठरवलं होतं. कोणी म्हणेल, मग बघितलं एमआरआयने, कणाने नव्हे. बरोबर. १५ माणसं ही संख्याही सुरक्षितता बघण्यापुरती आहे, आयुष्य वाढलं का हे सांगण्यापुरती नाही.

याच्या उलट गोष्ट बर्लिनची. आंद्रेयास योर्दान यांनी उभ्या केलेल्या कंपनीने मेंदूच्या गाठीत लोखंडाच्या ऑक्साइडचे कण टोचून बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने तापवले. परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या, मेंदूच्या एका जहाल कॅन्सरच्या, ५९ रुग्णांवरची माहिती २०११ मध्ये आली, रोग पहिल्यांदा उलटल्यापासून निम्मे रुग्ण १३.४ महिन्यांहून जास्त जगले. तुलनेला दुसरा गट नव्हता. युरोपात परवानगी मिळाली होती, तरी २०२२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. विरोधक या दिवाळखोरीकडे बोट दाखवतात. मी रुग्णाच्या खाटेकडे बघतो. उपचाराआधी त्याच्या दातांतलं धातूचं भरण काढावं लागायचं, नाहीतर तेही तापायचं. आणि डोक्यात एवढं लोखंड साठल्यावर त्या भागाचा एमआरआय पुन्हा नीट दिसत नसे. कण कुठे बसलेत ते सीटीत दिसायचं, पण गाठ परत आली का, हे बघायचा मेंदूच्या डॉक्टरचा सर्वांत चांगला डोळाच कणाने फोडला होता. कुठला डॉक्टर हा सौदा करेल? कण तापला यात वाद नव्हता, पण दिसण्याचा हिशेब शेवटपर्यंत कोणी केलाच नाही.

राहता राहिला तो आक्षेप ज्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. लोखंड शरीर वापरून टाकतं, त्याचं हिमोग्लोबिन होतं. सोनं कुठे जाणार? साडेपाच नॅनोमीटरच्या आतला कण मूत्रपिंडातून गाळून निघू शकतो, पण चांगले तापणारे कण बहुधा याहून कितीतरी मोठे. ते यकृतात राहतात, महिनोन् महिने. 'सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही', आजी म्हणायची. आयआयटी मुंबईत रोहित श्रीवास्तव आणि ॲक्ट्रेकमध्ये अभिजित डे यांच्या गटांनी यावर एक वाट काढली: चरबीच्या फुग्यावर, लायपोसोमवर, बारीक सोन्याच्या कणांचा थर द्यायचा, लेसरने तापून काम झालं की फुगा विरघळतो आणि सुटे झालेले बारीक कण बाहेर पडायला मोकळे. हे काम २०१५ मध्ये छापलं गेलं, उंदरांवरचं. मला हे काम दहा नव्या चांदण्यांहून मोलाचं वाटतं, कारण ते जळण्याच्या पुढचा विचार करतं. केंद्राने ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वंही काढलीत. आता हवंय ते उंदराहून मोठ्या प्राण्यांतलं, मग माणसांतलं, कंटाळवाणं काम: एका ग्रॅम गाठीत किती मायक्रोग्रॅम सोनं, कडेला किती आणि मध्यभागी किती, किती मिनिटं ४३ च्या वर, वर्षाने यकृतात किती उरलं. सीटीची नजर तशी जाडच, मिलिलिटरमागे मिलिग्रॅमच्या आसपास सोनं असल्याशिवाय तिला ते धड दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भागणार नाही. अशा कामाला चकचकीत मासिकं मुखपृष्ठ देत नाहीत, म्हणून तर त्याला सरकारचा पैसा हवा. निधी देणाऱ्यांनी पुढच्या पाच वर्षांत नव्या आकाराच्या एकाही कणाला पैसे दिले नाहीत तरी काही बिघडणार नाही.

आणि पहिली चाचणी तोंडाच्या अशा रुग्णांवर व्हावी ज्यांची सर्जरी झालीय, रेडिएशन झालंय आणि तरी गाठ उलटलीय. लवकर सापडलेल्या गाठीला सर्जरीच हवी, तिथे या प्रयोगाला जागा नाही. उलटलेल्या गाठी कधीकधी मानेतल्या मोठ्या रोहिणीला खेटून असतात, तिथे दोन अंश जास्त म्हणजे काय, हे सर्जनना विचारा.

व्याख्यान संपल्यावर ती डॉक्टर टेबलापाशी आली. कुपी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "समजा मी अशा रुग्णाला संमतीपत्र वाचून दाखवतेय. मराठीत काय लिहाल?" मी तिथेच आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहायला घेतलं. तिने दोनदा खोडायला लावलं, 'अत्यल्प' हा शब्द तर लगेच. राहिलं ते असं: "यातलं काही सोनं तुमच्या शरीरात राहील. ते किती आणि किती वर्षं, हे आम्ही अजून मोजतो आहोत. दर सहा महिन्यांनी तुम्हाला बोलावू, जे सापडेल ते तुम्हाला सांगू, आणि येण्याजाण्याचा खर्च आमच्याकडे."